दारी झुलणारा हत्ती आणि त्याचा चारा

दिवाळीनंतर या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये चार पत्रे एकाच आशयाची निघाली. तीन तरुण व्यापाऱ्यांची होती, चौथे एका व्यापाऱ्याच्या मातोश्रींचे. तरुणांचा प्रश्न असा : डोंगरदऱ्या तुडवणारी परदेशी बनावटीची आलिशान गाडी नवी घ्यायची तर सत्तर-ऐंशी लाख रुपये मोजावे लागतात, तीच बारा-चौदा वर्षांची झाली की दहा-बारा लाखांत मिळते. नव्या मध्यम गाडीच्या किमतीत असे राजेशाही वाहन दारी येत असेल तर ते का घेऊ नये? मातोश्रींचा प्रश्न अधिक थेट होता. त्यांनी लिहिले आहे, "मुलगा म्हणतो, स्वस्तात मिळते आहे. मला एवढेच विचारायचे आहे की, ज्याच्याकडे आज आहे तो ती का विकतो?"

व्यवहारात बरीच वर्षे घालवलेल्या माणसाला सुचावा असा हा प्रश्न आहे, आणि प्रस्तुत लेख बव्हंशी त्याचेच उत्तर आहे.

आरंभीच सांगितले पाहिजे की मी यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. परंतु बँकेच्या कर्ज विभागात असताना वाहनांचे मूल्यांकन अहवाल वाचणे, जप्त वाहनांच्या लिलावाच्या किमती पाहणे आणि गॅरेजवाल्यांशी बोलणे हा माझ्या कामाचा भाग होता. निवृत्तीनंतरही ती उत्सुकता गेलेली नाही. उदाहरणासाठी मी एकच गाडी घेतो, कारण सगळ्यांविषयी थोडे थोडे बोलण्यात काही अर्थ नसतो. ती गाडी म्हणजे लँड रोव्हर कंपनीची डिस्कव्हरी, तिची तिसरी आणि चौथी आवृत्ती. जुन्या बाजारात हौशी ग्राहकांचे डोळे जिच्यावर खिळतात अशा गाड्यांपैकी ही एक.

लँड रोव्हर प्रथम १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. ती शेतकऱ्याची गाडी होती. १९७० मध्ये रेंज रोव्हर आली आणि चिखलात चालणाऱ्या वाहनाला दिवाणखान्याची ऐट मिळाली. डिस्कव्हरी १९८९ ची आणि तिची तिसरी आवृत्ती २००४ ची. २००८ साली टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर हे दोन्ही उद्योग फोर्ड कंपनीकडून सुमारे २.३ अब्ज डॉलरला विकत घेतले. पुढच्याच वर्षी या गाड्यांची आपल्या देशात अधिकृत विक्री सुरू झाली आणि २०११ पासून फ्रीलँडर २ या धाकट्या गाडीची जुळणी आपल्या पुण्यात होऊ लागली. आज बाजारात दिसणाऱ्या बारा-चौदा वर्षांच्या गाड्या त्या पहिल्या लाटेतल्या आहेत.

वाहन म्हणून ती वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. सात माणसे ऐसपैस बसतात, ७०० मिलिमीटर खोल पाण्यातून ती जाऊ शकते, साडेतीन टनांचा भार मागे ओढू शकते. वाळू, चिखल, खडक अशी जमीन निवडून एक खटका फिरवला की इंजिन, गिअर आणि ब्रेक त्या जमिनीला साजेसे वागू लागतात. हे सर्व खरे आहे. आपल्याकडे मात्र यातील बहुतेक गाड्यांनी पाहिलेला सर्वांत मोठा खडक म्हणजे मार्केट यार्डाच्या फाटकापाशी असलेला गतिरोधक होय!

आता किमतीकडे वळू. आयकराच्या नियमांनुसार धंद्यात वापरल्या जाणाऱ्या मोटारीवर घटत्या बाकीवर दरसाल १५ टक्के घसारा मिळतो. ७० लाखांची गाडी या हिशेबाने पाच वर्षांनी सुमारे ३१ लाखांवर आणि दहा वर्षांनी सुमारे पावणेचौदा लाखांवर येते. म्हणजे दहा-बारा लाखांत मिळणारी गाडी 'मातीमोल' मिळते असे नव्हे. वह्यांतील घसाऱ्यानेही ती जवळपास तेथेच पोहोचलेली असते. ग्राहकाला जो सौदा वाटतो तो केवळ काळाचा हिशेब आहे.

खरी मेख पुढे आहे. गाडीची किंमत काळानुसार घटते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत घटत नाही. ते भाग सत्तर लाखांच्या गाडीसाठी बनवलेले असतात आणि त्यांचा दर त्याच मापाने ठरलेला असतो. रुपयाचे मूल्य आणि आयात शुल्क यांमुळे तो वर्षानुवर्षे वाढतच जातो. दहा लाखांच्या नव्या गाडीला दहा लाखांच्या गाडीचा खर्च येतो. दहा लाखांत घेतलेल्या जुन्या डिस्कव्हरीला सत्तर लाखांच्या गाडीचा खर्च येतो, आणि तोही तिच्या म्हातारपणचा. विकणाऱ्याला हे कळलेले असते. मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे येथेच आहे.

हा म्हातारपणचा खर्च कोठे कोठे उद्भवतो ते थोडे तपशिलाने पाहू.

या गाडीला पोलादी स्प्रिंगऐवजी हवेने फुगणाऱ्या रबरी पिशव्या असतात. एक छोटा कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो, त्यामुळे गाडी हवी तशी वर-खाली होते. कालांतराने पिशव्यांच्या घड्यांमध्ये धूळ जाऊन रबर चिरते आणि सूक्ष्म गळती सुरू होते. मालकाला ती जाणवत नाही. कॉम्प्रेसर मात्र जाणतो. जो दिवसातून काही मिनिटे चालायचा तो पुनःपुन्हा चालू लागतो, तापतो, त्याची आतली कडी झिजते आणि एके सकाळी गाडी जमिनीला टेकल्यासारखी बसलेली दिसते. अशा वेळी गॅरेजमध्ये नवा कॉम्प्रेसर बसवला जातो, पण मूळची गळती तशीच राहिली तर तो नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. सबब कॉम्प्रेसर बदलल्याची पावती विक्रेता अभिमानाने दाखवत असेल तर पिशव्या केव्हा बदलल्या तेही विचारावे. दुसरी एक गंमत म्हणजे उभी असलेली गाडी रात्री अधूनमधून स्वतःच पातळी जुळवते. जो कोपरा खचला असेल त्याच्या मापाने उरलेले कोपरे खाली आणते. त्यामुळे सकाळी चारही कोपरे सारखे दिसले म्हणजे गळती नाही, असे समजू नये. आदल्या संध्याकाळी चाकावरील कमानीची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून ठेवावी आणि सकाळी पुन्हा मोजावी.

हातब्रेकची जागा या गाडीत एका विजेच्या खटक्याने घेतली आहे. खटका ओढला की मागच्या चाकांतील पट्ट्या एक मोटर तारेने ओढते. पट्ट्यांची जुळणी वेळच्या वेळी केली नाही, किंवा आत चिखल गेला, तर ब्रेक लावताना कर्कश चीत्कार ऐकू येतो. तो चीत्कार म्हणजे मोटरवर ताण पडत असल्याची सूचना असते. जुळणीचा खर्च किरकोळ. दुर्लक्ष केल्यास अख्खे यंत्र बदलावे लागते.

पुढच्या चाकांच्या आधारदांड्यांतील रबरी बुश हा तिसरा नित्याचा खर्च. अडीच टनांच्या आसपास वजन आणि आपले रस्ते यांच्यामध्ये ते बिचारे भरडले जातात. खड्ड्यातून जाताना ठक्क असा आवाज, ब्रेक लावताना सुकाणू एका बाजूला ओढणे आणि टायरची आतली कड झिजणे ही त्याची लक्षणे. त्यांचे बोल्ट गंजून आतल्या नळीत असे बसतात की पुष्कळदा कापूनच काढावे लागतात, म्हणून मजुरीचा आकडा पाहून दचकू नये. टायर १९ इंची. एका टायरच्या किमतीत लहान गाडीचे जवळजवळ चारही टायर येतात.

परंतु ज्याने माणसाची झोप उडावी ते प्रकरण इंजिनाचे आहे. या गाड्यांच्या डिझेल इंजिनात टायमिंगसाठी साखळीऐवजी रबरी पट्टा असतो आणि मागच्या बाजूस इंधनाच्या पंपाला फिरवणारा दुसरा लहान पट्टा असतो. समोरचा पट्टा तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि काही सेकंदांत इंजिनाची वाताहत होते. हा पट्टा अमुक किलोमीटर किंवा अमुक वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा बदलायचा असतो. आपल्याकडे लोक किलोमीटर पाहतात आणि वर्षे विसरतात. ब्रिटनमध्ये तिसऱ्या डिस्कव्हरीच्या २.७ लिटर इंजिनासाठी सात वर्षांची मर्यादा दिली जाई. "फक्त ६० हजार किलोमीटर चाललेली, एकाच मालकाची" अशी बारा वर्षांची गाडी दिसली की ग्राहक हुरळतो. वस्तुतः त्या गाडीचा पट्टा कधीच बदललेला नसण्याचा संभव अधिक असतो. रबर उभ्या उभ्याही म्हातारे होते.

याच इंजिनांच्या बाबतीत क्रँकशाफ्ट मोडण्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. बेअरिंगची कवची जागची सरकते, तेलाचा मार्ग बंद होतो आणि पूर्वसूचना न देता इंजिन थांबते. प्रत्येक गाडीत हे घडते असे मुळीच नाही. परंतु घडले तर दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही. इंजिन बदलावे लागते. जुन्या, अनुभवी कारागिरांचा सल्ला असा असतो की, कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावरच तेल बदलावे. तेलाचे दोन डबे इंजिनापेक्षा केव्हाही स्वस्त. हाच सल्ला गिअरबॉक्सलाही लागू आहे. त्यातील तेल 'आयुष्यभराचे' असल्याचे गाडीचे माहितीपत्रक सांगते. परंतु तो गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलण्याची शिफारस करते. 'आयुष्यभर' या शब्दात कोणाचे आयुष्य अभिप्रेत आहे हे ग्राहकाने विचारलेले बरे.

आणखी एक गोष्ट मजुरीची. काही कामांसाठी, उदाहरणार्थ टर्बो बदलण्यासाठी, कारागीर गाडीचा वरचा सांगाडाच खालच्या चौकटीवरून उचलतात. लिफ्ट, जागा, दोन-तीन दिवसांचे काम आणि जाणकार माणसे, हे सर्व जिल्ह्याच्या गावी मिळत नाही. मग गाडी फ्लॅटबेडवर चढवून पुण्या-मुंबईला न्यावी लागते, तो खर्च वेगळा.

पावसाळ्याचाही उल्लेख केला पाहिजे. छताच्या खिडकीच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या पाचोळ्याने तुंबल्या की पाणी आत उतरते, पायाखालचा गालिचा ओला होतो आणि तेथून ओल विजेच्या जोडण्यांपर्यंत जाते. या गाडीत नियंत्रणाचे अनेक संगणकी डबे एकमेकांशी बोलत असतात. बॅटरी नुसती अशक्त झाली तरी ते भलभलत्या तक्रारी पडद्यावर दाखवतात. योग्य तपासणी यंत्र नसलेला कारागीर मग अंदाजाने एकेक भाग बदलत जातो, ग्राहक बिले देत जातो आणि दोष जागच्या जागी राहतो. म्हणून पहिला खर्च नव्या बॅटरीचा करावा, मग पडद्यावर काय उरते ते पाहावे.

विम्याविषयी व्यापारी कुटुंबांतसुद्धा गैरसमज आढळतात. एक तर यंत्रातील बिघाड आणि झीज यांना मोटार विमा लागूच होत नाही. वर सांगितलेल्यांपैकी एकही खर्च विमा कंपनी देणार नाही. पाण्यात गाडी घालून इंजिनात पाणी गेले तर त्याची भरपाईही बहुधा वेगळे इंजिन संरक्षण घेतले असेल तरच मिळते. अपघात झाला तरी दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि रबर-प्लास्टिकच्या भागांवर तर वय काहीही असले तरी ५० टक्के. शून्य घसाऱ्याचे संरक्षण एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. म्हणजे चार लाखांचे भाग लागले तर जवळपास दोन लाख खिशातून जाणार.

त्याहून महत्त्वाचे कलम पुढचे. दुरुस्तीचा अंदाज विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत काढली जाते. विमा मूल्य दहा लाख असेल तर साडेसात लाख ही सीमा झाली. पुढचा दिवा, बोनेट, रेडिएटर, एअरबॅग आणि एका बाजूचे हवेचे स्प्रिंग एवढ्यावर ती सहज ओलांडली जाऊ शकते. मालकाने वर्षभरात चार लाख खर्चून गाडी ठाकठीक केली असेल, तरी भरपाई विमा मूल्याचीच मिळते. ते चार लाख कोणी परत देत नाही.

आता वार्षिक हिशेब मांडून पाहू. आकडे माझ्या गृहीतांचे आहेत, वाचकांनी आपापले घालावेत. बारा लाखांना गाडी घेतली, वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवली. लिटरला आठ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले तर इंधन १,१२,५००. बारा लाखांवर ७ टक्क्यांनी बुडालेले व्याज ८४,०००. बाजारभावातील घट दीड लाख. विमा ४०,०००. तेलपाणी, टायर आणि दुरुस्ती यांसाठी बाजूला ठेवायची रक्कम अडीच लाख. बेरीज ६,३६,५००, म्हणजे किलोमीटरला साधारण ६४ रुपये. चालकासह भाड्याची मोठी प्रवासी गाडी याच्या निम्म्याहूनही कमी दरात मिळते. यातले बुडालेले व्याज आणि बाजारभावातील घट ही दोन कलमे तरुण मंडळी हमखास वगळतात, कारण त्यांचे बिल येत नाही.

माझ्या नोकरीच्या अखेरच्या काळातील एक प्रकरण येथे सांगण्याजोगे आहे. दोन भावांची भुसार मालाची पेढी होती, तीन पिढ्यांची. बँकेत ६० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा. धाकट्या भावाने अकरा वर्षांची एक परदेशी बनावटीची गाडी नऊ लाखांना घेतली. कर्ज घेतले नाही, कारण एवढ्या जुन्या गाडीला कर्ज मिळणे कठीण आणि मिळाले तर व्याज जबर. पैसे कॅश क्रेडिटमधून काढले. मालखरेदीसाठी दिलेला पैसा चाकांवर उभा राहिला. पहिल्या वर्षी किरकोळ दुरुस्त्यांत दीड-पावणेदोन लाख गेले, तेही त्याच खात्यातून. दुसऱ्या वर्षी कारागिराने टायमिंग पट्टा बदलायला सांगितला होता. खर्च पाहून ते काम "सीझन झाल्यावर" असे पुढे ढकलले गेले. घाटात पट्टा तुटला. इंजिनासाठी साडेसहा लाखांचा अंदाज आला, भाग परदेशातून येण्यास चार महिने लागणार होते, आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितली गेली. तीही दिली गेली.

तो डिसेंबर होता. नव्या तुरीची आवक सुरू होण्याचे दिवस. भुसाराच्या धंद्यात याच दोन-अडीच महिन्यांत खरेदी साधली तर वर्ष साधते. पेढीच्या साठ्याचे विवरणपत्र माझ्या टेबलावर आले तेव्हा गोदामातला माल आणि खात्यातील बाकी यांचा मेळ बसत नव्हता. साठ्यातून देणी आणि २५ टक्के दुरावा वजा करता जेवढी उचल अनुज्ञेय होती त्याहून सुमारे बारा लाख अधिक उचललेले होते. मर्यादा भरली होती, भाव खाली होते, आणि खरेदीला पैसा नव्हता.

थोरले बंधू शाखेत आले. माझ्यापेक्षा वयाने मोठे, अत्यंत सरळ गृहस्थ. खुर्चीत बसल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, गाडी त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. खातं मात्र आमच्या दोघांच्या सहीचं आहे." मी त्यांना धाकट्यांना घेऊन यायला सांगितले. दोघे आले, पण एकमेकांकडे पाहत नव्हते. धाकट्याचे म्हणणेही ऐकण्यासारखे होते. "भाऊ, गाडी मी मिरवायला घेतली नव्हती. मोठ्या खरेदीदारांकडे रिक्षातून जाऊन उभं राहिलं की माल उधारीवर मिळत नाही, हे तुम्हांला माहीत आहे." त्यात काही तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही.

आम्ही अधिकची बाकी ३६ महिन्यांच्या मुदत कर्जात वळवून दिली. गाडी इंजिनाविना, आहे त्या स्थितीत, सुटे भाग विकणाऱ्याने सव्वा लाखाला उचलली. आगाऊ दिलेल्यातील काही रक्कम परत मिळाली, काही नाही. कर्ज हप्त्यागणिक फिटले, एकही हप्ता चुकला नाही. मात्र पुढच्या पाडव्याला त्या पेढीवर दोन वह्यांची पूजा झाली, दोन वेगळ्या नावांच्या.

दुसऱ्या राज्यांतून येणाऱ्या गाड्यांबाबत थोडे सांगतो, कारण स्वस्त गाड्यांचा मोठा ओघ तेथूनच आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली निर्बंध आणले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. अंमलबजावणीत पुढे चढउतार झाले, तरी त्या भीतीने तेथील आलिशान डिझेल गाड्या पडत्या भावात बाहेर निघाल्या. अशी गाडी घेताना मूळ नोंदणी कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र, हस्तांतरणाचे नमुने २९ आणि ३०, आणि तारण असल्यास नमुना ३५ एवढे हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. महाराष्ट्रात आणल्यावर येथील एकरकमी कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो. गाडी कंपनीच्या नावे असेल किंवा आयात केलेली असेल तर त्याचा दर चढा असतो. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर आहेच. साध्या मोटारीला नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये असले तरी आयात मोटारीला ते ४०,००० आहे, आणि वीस वर्षांनंतर दोन्ही दुप्पट होतात. नोंदणी पुस्तकात 'आयात' असा शेरा आहे की नाही हे सौद्याआधी पाहावे. चौदा वर्षांची गाडी घेणाऱ्याला हा खर्च लगेच पुढच्याच वर्षी दारात उभा असतो.

"पेढीच्या नावावर घेतली की कर वाचतो" हे वाक्य मी चारही पत्रांपैकी तीनांत वाचले. घसारा मिळतो, पण बारा लाखांवर पहिल्या वर्षी तो एक लाख ऐंशी हजार, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर त्याच्या निम्मा. घरगुती वापराचा हिस्सा अधिकारी वगळू शकतात. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवरील जीएसटीचे क्रेडिट सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही; तिच्या विम्यावरचे आणि दुरुस्तीवरचेही नाही. एवढेच नव्हे, नोंदणीकृत पेढी आपली जुनी गाडी विकते तेव्हा घसारा वजा जाता उरलेल्या मूल्यापेक्षा जितकी रक्कम अधिक येईल तिच्यावर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. उणे फरक आला तर कर नाही.

आपल्या अनेक घरांत एक प्रश्न आणखी निघतो, तो चामड्याच्या आसनांचा. या गाड्यांच्या वरच्या श्रेणीत आसने, सुकाणूचे वेष्टन आणि दारांच्या आतली काही अस्तरे चामड्याची असतात. वरून कापडी खोळ चढवल्याने घरातील ज्येष्ठांचे समाधान होत नाही, आणि सर्व काढून कापड लावायचे तर आसनांच्या बाजूच्या एअरबॅगची शिवण जाणकाराकडूनच उसवावी लागते. याविषयी घरात आधी बोलून घ्यावे. बयाणा दिल्यानंतर आजीला सांगणे इष्ट नव्हे.

एवढे सांगूनही कोणी घेणारच असेल तर त्याला अडवणारा मी कोण? हौसेला मोल नसते हे मलाही कळते. अशा वाचकाने गाडी थंड असताना सुरू करून पाहावी, विक्रेत्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. उंची तीनदा वर-खाली करून पाहावी. टायमिंग पट्टा बदलल्याची तारीख असलेली पावती मागावी. तोंडी शब्द धरू नये, पावती नसेल तर पट्टा बदलण्याचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करावा. ज्याच्याकडे योग्य तपासणी यंत्र आहे अशा त्रयस्थ कारागिराला मेहनताना देऊन गाडी दाखवावी. आणि खरेदीच्याच दिवशी, किमतीच्या निदान एक तृतीयांश एवढी रक्कम वेगळ्या ठेव खात्यात टाकावी. त्या खात्याला पेढीचा हात लागता कामा नये. ही रक्कम टाकणे जमत नसेल तर गाडीही जमत नाही असे समजावे. कॅश क्रेडिटमधून एक रुपयाही काढू नये, हे मी वेगळे सांगायला नकोच.

याच किमतीत, याच वयाच्या, टोयोटाच्या लँड क्रूझर घराण्यातल्या गाड्या का मिळत नाहीत, असेही एकाने विचारले आहे. मिळतात, पण भाव चढा असतो. तिचेही भाग महाग आहेत, पण ते वारंवार लागत नाहीत, आणि जुन्या बाजारातील दलालांना हे आपल्याआधी ठाऊक असते. दोन गाड्यांच्या भावातील तो फरक म्हणजे स्वस्त गाडीच्या पुढच्या चार-पाच वर्षांच्या दुरुस्तीचा बाजाराने मांडलेला अंदाज होय.

ज्यांच्या दारी अशी गाडी आधीच उभी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. विकताना नमुना २९ आणि ३० वर सह्या करून चावी देणे म्हणजे व्यवहार संपला असे नव्हे. खरेदीदाराचे नाव नोंदणीत लागेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक आपणच असतो आणि अपघाताच्या भरपाईची नोटीस आपल्याच पत्त्यावर येते. नाव बदललेल्या नोंदणी पुस्तकाची प्रत हाती येईपर्यंत किमतीचा काही भाग राखून ठेवण्याची अट आपण घालू शकत नाही, कारण पैसे आपल्याला घ्यायचे असतात. परंतु हस्तांतरणाचा अर्ज आपल्यासमोर ऑनलाइन दाखल करून त्याची पोच घेणे आणि खरेदीदाराचे ओळखपत्र, ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहिलेली पावती त्याच्या सहीनिशी ठेवणे हे आपल्या हाती आहे. फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा आणि विमा कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवावे.